दहावीत मुलींची बाजी, मग जेईईच्या यादीत मुली इतक्या कमी का?

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागला, तेव्हा मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण ९६.१४ टक्के आणि मुलग्यांचे ९२.३१ टक्के होते आणि दरवर्षीप्रमाणे ‘यंदाही मुलींचीच बाजी’ असे मथळे झळकले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच आयआयटी प्रवेशासाठीच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेचा निकाल आला. देशभरातून पात्र ठरलेल्या ५४,३७८ विद्यार्थ्यांमध्ये मुली होत्या ९,४०४, म्हणजे साधारण सहा जणांमागे एक. या दोन्ही बातम्या वाचणाऱ्या पालकाला प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, की शाळेत पुढे असणाऱ्या मुली इतक्या लवकर दिसेनाशा कशा होतात?

या प्रश्नाचे घरोघरी दिले जाणारे उत्तर असे असते, की दहावीची परीक्षा पाठांतराची आणि जेईई बुद्धीची, आणि खऱ्या बुद्धीचा कस लागला की मुलगे पुढे जातात. हे उत्तर उपलब्ध पुराव्याशी जुळत नाही. शिवाय ज्या घरांत आणि वर्गांत ते खरे मानले जाते, तिथे त्या समजुतीमुळेच मुलींच्या वाट्याला गणित कमी येते. हे कसे घडते, ते पायरीपायरीने पाहू.

आधी तुलना नीट करू

दहावी उत्तीर्ण होणे आणि देशपातळीवरच्या स्पर्धेत वरच्या क्रमांकात येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच वर्षीच्या या दोन निकालांतली मुलेही वेगवेगळी आहेत. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी आणखी काही आकडे पाहावे लागतात.

त्याच २०२५ सालच्या वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी १३ लाखांहून अधिक मुलींनी नोंदणी केली होती, तर मुलग्यांची संख्या १० लाखांच्या आत होती. पात्र ठरलेल्यांत मुली सुमारे ७.२२ लाख आणि मुलगे सुमारे ५.१४ लाख होते. नीटच्या १८० प्रश्नांपैकी निम्मे भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे असतात. नीटची पात्रता जेईई ॲडव्हान्स्डइतकी कठोर नसते, हे खरेच. पण मुद्दा परीक्षेला बसणाऱ्यांचा आहे. जेईई मेन या पहिल्या टप्प्याला बसणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येच मुली जेमतेम एक तृतीयांश असतात. म्हणजे प्रश्नपत्रिका हाती पडण्याच्या कितीतरी आधी मुली एका वाटेने मोठ्या संख्येने गेलेल्या असतात आणि दुसऱ्या वाटेवरून वळवल्या गेलेल्या असतात.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात पदवीपासून पीएचडीपर्यंत विज्ञान शाखेत शिकणाऱ्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांमध्ये २९.८ लाख मुली होत्या. अमेरिकेतील किंवा युरोपातील चर्चेत ‘मुली विज्ञानाकडे वळतच नाहीत’ अशी जी तक्रार ऐकू येते, ती भारताला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडची गळती ठरावीक ठिकाणी होते: गणितावर आधारलेल्या अभियांत्रिकीच्या वाटेवर, मोठ्या स्पर्धेच्या तयारीत आणि पदवीनंतर संशोधनाच्या नोकरीत.

साचेबद्ध समज म्हणजे काय?

एखाद्या गटाबद्दल समाजात रुळलेली आणि त्या गटातल्या प्रत्येक माणसाला सरसकट लावली जाणारी समजूत म्हणजे साचेबद्ध समज. ती बाळगणाऱ्याच्या मनात मुलींविषयी आकस असतोच असे नाही. बहुतेकदा ती मायेच्याच आवाजात बोलते. ‘सायन्स घे, पण बायोलॉजी घे, पुढे सोपे जाईल,’ असे सांगणाऱ्या आत्याला भाचीचे भलेच हवे असते.

अशी समज तीन प्रकारे काम करते. पहिला प्रकार म्हणजे इतरांनी आपल्याला जोखण्याची पद्धत, दुसरा म्हणजे आपण स्वतःला जोखण्याची पद्धत आणि तिसरा म्हणजे घरातला वेळ, पैसा आणि धीर कोणाच्या वाट्याला किती द्यायचा याचा निर्णय. पहिल्या दोहोंवर जगभर भरपूर लिहिले गेले आहे. आपल्याकडे तिसऱ्याचे वजन सर्वांत जास्त आहे, असे मला वाटते, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

या तीनही प्रकारांतला प्रत्येक प्रसंग इतका किरकोळ असतो की त्याला कोणी भेदभाव म्हणणार नाही. रोज दोन मिनिटे मागे पडणाऱ्या घड्याळासारखे हे आहे. कोणत्याही एका दिवशी फरक जाणवत नाही, महिन्याने ते तासभर मागे असते आणि तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की हे घड्याळ मुळातच सदोष आहे.

पहिलीच्या वर्गात चार महिन्यांत काय घडते

हे मागे पडणे नेमके कधी सुरू होते, याचे आजवरचे सर्वांत स्पष्ट चित्र फ्रान्समधून आले आहे. तिथे २०१८ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांची भाषा आणि गणित या विषयांची राष्ट्रीय चाचणी तीनदा घेतली जाते: शाळा सुरू होताच, सुमारे चार महिन्यांनी आणि वर्षभराने दुसरीच्या आरंभी. लागोपाठच्या चार वर्षांतील २५ लाखांहून अधिक मुलांच्या या चाचण्यांचे विश्लेषण जून २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अंकज्ञान मेंदूत कसे घडते याचा अभ्यास करणारे स्तानिस्लास दहॅन आणि बालमनाच्या अभ्यासक एलिझाबेथ स्पेल्की हेही या संशोधनात सहभागी होते.

शाळेच्या पहिल्या दिवसांत मुलगे आणि मुली गणितात जवळपास बरोबरीने होते. चार महिन्यांनी मुलगे पुढे गेलेले दिसले आणि वर्षभराने हे अंतर आणखी वाढले. सर्व प्रकारच्या शाळांत आणि सर्व आर्थिक थरांतील कुटुंबांत हेच आढळले. हा वयाचा परिणाम असेल का, हेही तपासले गेले. एकाच वर्गात जवळजवळ वर्षाने लहान आणि मोठी मुले एकत्र बसलेली असतात, त्यामुळे वय आणि शाळेत घालवलेला काळ यांचा परिणाम वेगवेगळा काढता येतो. अंतर शाळेतल्या काळाबरोबर वाढत होते, वयाबरोबर नव्हे. आणि २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद राहिल्या, त्या तुकडीत ते कमी वाढले होते.

वर्गातील नेमकी कोणती गोष्ट याला कारणीभूत आहे, हे या आकड्यांवरून कळत नाही. बालवाडीत मोजणे हा खेळ असतो आणि पहिलीत त्याला ‘गणित’ असे नाव मिळते, त्याचे गुण मिळतात, घड्याळ लावून चाचणी होते. आणि ज्या क्षणी त्या कामाला गणित हे नाव मिळते, त्या क्षणी ‘गणित कोणाचे’ याबद्दलच्या मोठ्यांच्या समजुती त्याला चिकटतात, असा एक तर्क मांडला जातो आणि मला तो पटण्यासारखा वाटतो. सिद्ध झालेली गोष्ट मात्र एवढीच आहे की सहा वर्षांच्या मुली शाळेत येताना कमी क्षमता घेऊन आलेल्या नव्हत्या.

पण मेंदूच वेगळा असेल तर?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या दहा राज्यांतील दुसरी ते अकरावीच्या ७० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण तपासले. मुलगे आणि मुली यांच्या सरासरीतला फरक नगण्य निघाला.

यावर पुढचा युक्तिवाद असा केला जातो, की सरासरी सारखी असेल, पण अगदी वरच्या टोकाला मुलगेच जास्त असतात. हे निरीक्षण खरे आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशाची गणिताची परीक्षा तेराव्या वर्षाच्या आत देऊन ८०० पैकी ७०० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांत एका मुलीमागे सुमारे १३ मुलगे होते. मुलग्यांना जन्मजात जास्त गणित येते याचा पुरावा म्हणून तो आकडा तेव्हा जगभर गाजला. पण २०१० च्या सुमारास हेच प्रमाण एकास सुमारे चारवर आले होते. पंचवीस-तीस वर्षांत माणसाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते मुलींना मिळणारे गणिताचे अभ्यासक्रम, मार्गदर्शन आणि अपेक्षा. उरलेला चारास एक हा फरक कशामुळे आहे, यावर आजही मतभेद आहेत. परंतु जो आकडा कालपर्यंत निसर्गाचा मानला जात होता, त्याचा बराच मोठा भाग निसर्गाचा नव्हता, हे आता वादातीत आहे.

एक फरक मात्र अनेक अभ्यासांत सातत्याने आढळतो. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून ती दुसऱ्या बाजूने कशी दिसेल हे ओळखण्याच्या चाचण्यांत मुलगे सरासरीने पुढे असतात. अभियांत्रिकी ड्रॉइंगमध्ये किंवा त्रिमितीय भूमितीत हे कौशल्य लागते, म्हणून ते महत्त्वाचे आहे. पण २०१३ मध्ये डेव्हिड उट्टल आणि सहकाऱ्यांनी २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हे कौशल्य सरावाने स्पष्टपणे वाढते, मुलींमध्येही वाढते आणि टिकतेही, असे दिसले. ठोकळे जोडणे, सायकलची चेन बसवणे, बंद पडलेला पंखा उघडून पाहणे यांत हा सराव नकळत होत असतो आणि या गोष्टी घरात कोणाच्या हातात दिल्या जातात, ते आपण सर्व जाणतो.

‘मुली घोकतात, मुलांचे डोके चालते’

हे वाक्य मराठी शिक्षकांच्या आणि पालकांच्या तोंडी सर्रास असते. मुलीला चांगले गुण मिळाले की ती ‘अभ्यासू’ असते. मुलग्याला मिळाले की तो ‘हुशार’ असतो आणि त्याला कमी मिळाले तर ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही.’ त्यामुळे यशाचे आणि अपयशाचे दोन्ही अर्थ मुलग्याच्या बुद्धीला अभय देतात, आणि मुलीचे यश मात्र तिच्या कष्टांच्या खाती जमा होते.

मुलांना हा फरक फार लवकर कळतो. २०१७ मध्ये लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी अमेरिकेतील पाच ते सात वर्षांच्या मुलांना एका ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून, समोरच्या चित्रांतील कोणती व्यक्ती ती असेल, असे विचारले. पाच वर्षांचे मुलगे जितक्या वेळा पुरुषाच्या चित्राकडे बोट दाखवत, जवळपास तितक्याच वेळा त्या वयाच्या मुली स्त्रीच्या चित्राकडे दाखवत. सहा-सात वर्षांच्या मुली तसे करण्यास कचरू लागल्या. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातला त्यांचा रसही कमी झाला, पण ‘खूप प्रयत्न करणाऱ्या मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातला कमी झाला नाही. यातली सर्वांत बोलकी गोष्ट अशी, की शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात असे विचारल्यावर याच मुली मुलींचे नाव घ्यायला अजिबात मागे नव्हत्या. गुण आपले आणि बुद्धी त्यांची, ही वाटणी वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी मनात पक्की होऊ लागलेली असते. आपल्या दहावीच्या निकालाकडे आपण जसे पाहतो, त्याची ही तंतोतंत लहान आवृत्ती आहे.

याच गटातील लेस्ली आणि सिम्पियन यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले होते, की ज्या ज्ञानशाखांत ‘इथे उपजत प्रतिभा लागते’ असे त्या शाखेतील लोक मानतात, तिथे पीएचडी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी असते. यात गणित आणि भौतिकशास्त्र येतेच, पण तत्त्वज्ञानही येते, जिथे गणिताचा फारसा संबंध नाही. उलट रेणवीय जीवशास्त्रात स्त्रिया जवळपास निम्म्या असतात. तेव्हा विषय अवघड आहे म्हणून मुली मागे हटतात, असे म्हणण्यापेक्षा ज्या दारावर ‘फक्त प्रतिभावंतांसाठी’ अशी पाटी लावलेली असते, त्या दाराशी त्यांना अडवले जाते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

शिक्षकांची समजूत आणि मुलींचे गुण

शिक्षकांवर दोष ढकलण्याचा येथे हेतू नाही, कारण शिक्षकही याच समाजात वाढलेले असतात. तरीही त्यांच्या समजुतींचा परिणाम मोजता येतो. इस्राएलमध्ये व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड यांनी विद्यार्थ्याचे नाव माहीत असताना शिक्षकांनी दिलेले गुण आणि नाव न कळता बाहेरच्या परीक्षकांनी दिलेले गुण यांची तुलना केली. ज्या मुलींना प्राथमिक शाळेत मुलग्यांना झुकते माप देणारे शिक्षक मिळाले, त्यांनी पुढे माध्यमिक शाळेत प्रगत गणित कमी प्रमाणात निवडले. मिकेला कार्लाना यांना इटलीतही अशाच धर्तीचे चित्र दिसले: गणित हे मुलग्यांचे क्षेत्र आहे अशी समजूत ज्या शिक्षकांच्या मनात खोलवर होती, त्यांच्या वर्गात मुली मागे पडल्या, स्वतःच्या क्षमतेबद्दल साशंक झाल्या आणि त्यांनी पुढे सोप्या शाखा निवडल्या. मुलग्यांच्या गुणांवर मात्र परिणाम झाला नाही.

भारतातही, विशेषतः आंध्र प्रदेशातील शाळांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात, गणिताच्या शिक्षकाची अशी समजूत आणि मुलींचे गणितात मागे पडणे यांचा संबंध आढळला आहे.

‘साच्याच्या दडपणा’बद्दल सावध राहायला हवे

या विषयावरचे एक संशोधन लोकप्रिय लेखांत हमखास येते. १९९९ मध्ये स्टीव्हन स्पेन्सर, क्लॉड स्टील आणि डायान क्विन यांनी दाखवले, की अवघड गणिती चाचणीपूर्वी ‘या चाचणीत स्त्री-पुरुषांत फरक आढळत नाही’ असे सांगितले तर स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने गुण मिळवतात, एरवी मागे पडतात. आपल्याविषयीची वाईट समजूत आपल्याकडून खरी ठरेल या भीतीने कामगिरी ढासळते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. परंतु २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शाळकरी विद्यार्थ्यांवर केलेल्या काटेकोर प्रयोगात हा परिणाम आढळला नाही आणि आधीच्या अनेक प्रयोगांत सहभागींची संख्या फार लहान होती, हेही निदर्शनास आले. म्हणून परीक्षेच्या खोलीतले हे दडपण कितपत मोठे आहे, याबाबत ठाम विधान करणे आज योग्य नाही. वर सांगितलेला इतर पुरावा मात्र या एका प्रयोगावर उभा नाही आणि त्याच्याबरोबर कोसळतही नाही.

मुलींना आवडच नसेल तर जबरदस्ती कशाला?

आवड ही पवित्र गोष्ट आहे आणि जीवशास्त्र किंवा भाषा मनापासून आवडणाऱ्या मुलीला गणितात ढकलावे, असे कोणीही म्हणत नाही. प्रश्न असा आहे, की आवड कशातून तयार होते आणि निवड कोण करते.

अभियांत्रिकीच्या मोठ्या स्पर्धेची तयारी भारतात आता बहुतेकदा दहावीनंतर दोन वर्षांची, कधी आठवी-नववीपासूनची शिकवणी असते. त्यासाठी लातूर, पुणे किंवा थेट राजस्थानातील कोटा येथे जाऊन राहावे लागते, लाखांत फी भरावी लागते, रात्री उशिरापर्यंतच्या वर्गांना जावे लागते आणि पहिल्या प्रयत्नात मनासारखा क्रमांक आला नाही तर एक वर्ष ‘ड्रॉप’ घ्यावा लागतो. यातल्या प्रत्येक पायरीवर घरात एक हिशोब होतो. मुलग्यासाठी कर्ज काढले तर ते फिटेल असे वाटते. मुलीच्या बाबतीत तोच पैसा लग्नासाठी ठेवावासा वाटतो. मुलगा वसतिगृहात राहिला तर तो ‘तयार होतो’. मुलगी राहिली तर आईबापांची झोप उडते, आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेची आजची स्थिती पाहता ती चिंता निराधार आहे असेही म्हणता येत नाही. ड्रॉपचे वर्ष मुलग्यासाठी गुंतवणूक असते आणि मुलीसाठी वाया गेलेले वय. भारतात एकाच कुटुंबातला मुलगा खासगी शाळेत आणि मुलगी सरकारी शाळेत असण्याची शक्यता जास्त असते, हे शिक्षणाच्या सर्वेक्षणांतून वारंवार समोर आले आहे. तीच वृत्ती शिकवणीच्या फीपर्यंत पोहोचते.

अशा घरातली सोळा वर्षांची मुलगी जेव्हा ‘मला इंजिनिअरिंगमध्ये रस नाही’ असे म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. आपल्याला काय परवडणार आहे याचा अंदाज घेऊन माणसे आपली आवड नकळत तेवढ्यात बसवतात. नीटच्या बाबतीतही खर्च आणि तयारी कमी नसते, मग तिथे मुली कशा पुढे येतात? कारण डॉक्टर होणे हे स्त्रीला शोभणारे काम आहे, हे महाराष्ट्राने आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई यांच्या काळापासून हळूहळू स्वीकारले आहे. समाजाने मान्यता दिली की घर पैसा काढते, मुली परीक्षेला बसतात आणि भौतिकशास्त्राचे प्रश्नही सोडवतात. आवड जन्मजात आणि अचल असती, तर हे घडले नसते.

पदवीनंतरचा उतार

विज्ञानाच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली असूनही संशोधन संस्थांत आणि विद्यापीठांच्या वरच्या पदांवर त्या इतक्या कमी का, हा प्रश्न उरतोच. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी आणि दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, यांना सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, जाचक अटींवर त्यांना घेतले गेले आणि १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. असा उघड नकार आज कोणी देऊ शकत नाही. आजचा अडथळा अधिक शांतपणे येतो.

मंगला नारळीकर यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या एम. ए. परीक्षेत त्या पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळाले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले. त्यानंतर लग्न, मग परदेशातला संसार, मुली, घरातली वडीलधारी माणसे. आणि पीएचडी पूर्ण झाली ती १९८१ मध्ये. त्यांना कोणी अडवले नव्हते, घर सुसंस्कृत आणि विज्ञानाचे होते, आणि तरीही मधली सतरा वर्षे अशी गेली. पुढे मराठी मुलांना गणिताची गोडी लावण्यासाठी आणि बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख म्हणून त्यांनी जे केले, त्याचे मोल फार मोठे आहे. पण सुवर्णपदक मिळवणाऱ्या पुरुष गणितज्ञाच्या चरित्रात अशी सतरा वर्षे आपल्याला सहसा सापडत नाहीत.

नेमणुकीच्या वेळी पूर्वग्रह असतो का, यावर पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील १२७ विज्ञान-प्राध्यापकांना प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकपदासाठी एकच अर्ज दाखवण्यात आला, काहींना ‘जॉन’ या नावाने आणि काहींना ‘जेनिफर’ या नावाने. जॉनला अधिक सक्षम ठरवले गेले आणि त्याला सरासरी ३०,२०० डॉलरच्या आसपास, तर जेनिफरला २६,५०० डॉलरच्या आसपास वार्षिक पगार सुचवला गेला. स्त्री प्राध्यापकांनीही असाच निवाडा दिला. याउलट २०१५ मध्ये वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांच्या अभ्यासात, प्राध्यापकपदासाठी तोडीस तोड असलेल्या काल्पनिक उमेदवारांमध्ये स्त्रीला अधिक पसंती मिळाली. माझ्या मते हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. उमेदवार अगदी उत्कृष्ट आहे हे निर्विवाद असेल तेव्हा स्त्रीचे स्वागत होते. ती होतकरू पण अजून सिद्ध न झालेली असेल, तेव्हा संशयाचा फायदा पुरुषाला मिळतो. आणि करिअरच्या आरंभी बहुतेक सगळेच जण ‘अजून सिद्ध न झालेले’ असतात.

मुलींसाठी जागा ठेवणे हा मुलग्यांवर अन्याय नाही का?

आयआयटीतील मुलींचे प्रमाण २०१६ च्या सुमारास अवघे आठ टक्के होते. प्रा. टिमोथी गोन्साल्विस यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण करण्यात आल्या आणि हे प्रमाण आधी १४, मग १७ आणि २०२० मध्ये २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. या जागा मूळ जागांमधून काढून घेतलेल्या नाहीत. त्या वरच्या आहेत, त्यामुळे मुलग्यांच्या जागा घटलेल्या नाहीत. या जागांवर येणाऱ्या मुलीलाही जेईई ॲडव्हान्स्डची पात्रता पार करावीच लागते.

तरीही मुलीचा क्रमांक खाली असताना तिला वरची शाखा का, हा प्रश्न अनेक मुलग्यांना मनापासून खुपतो आणि त्यांच्या दोन वर्षांच्या कष्टांकडे पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. पण क्रमांकातून बुद्धीबरोबर तयारीचे वर्ष, शिकवणी, वसतिगृह आणि घराचा पाठिंबा हेही मोजले जाते. यांतल्या कोणत्या गोष्टी मुलीला मिळाल्या नाहीत, हे गुणपत्रिकेवर छापलेले नसते. आयआयटीने मात्र ही तजवीज दाराशी केली आहे. गळती त्याआधीच्या दहा वर्षांतली आहे आणि ती वाढीव जागांनी थांबणार नाही.

मग कशाचा उपयोग होतो?

पाठ्यपुस्तकांचा होतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र घेतले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. सहाव्या वर्षी काय घडते हे आपण वर पाहिले, त्यामुळे हा बदल योग्य वयात आला असे म्हणावे लागते. शुल्कमाफीचाही होतो. वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्ण माफ केले. मात्र त्याआधीच्या शिकवणीचा आणि वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही, आणि निर्णय तिथेच होतो. केंद्राच्या ‘विज्ञान ज्योती’ योजनेत नववी ते बारावीच्या मुलींना प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक मिळतात. तिचा रोख योग्य वयावर आहे.

सर्वांत उपयुक्त धडा पुन्हा फ्रान्सकडून मिळतो. पॅरिस परिसरातील सुमारे १०० शाळांत तरुण स्त्री वैज्ञानिकांना एका तासासाठी पाठवण्यात आले. बारावीच्या समकक्ष विज्ञान वर्गातील ज्या मुलींनी त्यांना ऐकले, त्यांच्यात गणितप्रधान आणि स्पर्धेच्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर गेले. तासाभराच्या भेटीसाठी हा परिणाम मोठा आहे. मात्र ज्या वक्त्यांनी विज्ञानात स्त्रिया किती कमी आहेत आणि त्यांच्यावर किती अन्याय होतो यावर भर दिला, त्यांचा परिणाम कमी झाला. ज्यांनी आपले काम कसे असते, त्यात काय रस वाटतो आणि नोकऱ्या कशा असतात हे सांगितले, त्यांचा अधिक झाला. शाळेत पाहुण्या बोलावणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे ध्यानात ठेवावे. अन्यायाची मोजदाद मोठ्यांपुढे करायची असते. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र पुलाचे गणित कसे होते, उपग्रहाची कक्षा कशी ठरते आणि हे काम करणाऱ्या बाईंना महिन्याला काय मिळते, ते सांगावे.

पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचा क्षण अकरावीच्या प्रवेशाचा असतो. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर गणित व जीवशास्त्र दोन्ही घेण्याचा, म्हणजे पीसीएमबीचा पर्याय अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत उपलब्ध असतो. अभ्यास वाढतो, हे खरे. पण या टप्प्यावर गणित सोडले की अभियांत्रिकीबरोबरच भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या चांगल्या अभ्यासक्रमांचे दरवाजेही बहुतांशी बंद होतात, तेही मुलीला त्या विषयांची पुरती ओळख होण्याआधी. तिने आधीच पक्के ठरवले नसेल, तर ‘गणित कशाला, झेपणार नाही’ असे म्हणण्यापूर्वी तिच्या भावाच्या वेळी आपण काय म्हणालो होतो किंवा म्हटले असते, ते एकदा तिच्यासमोरच बोलून पाहावे.